काळं लोखंड

घाई आला, त्याने नांगराच्या फाळाचे दोन तुकडे ऐरणीवर ठेवले आणि काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. गावाने त्याचं नाव घाई ठेवलं होतं ते उगाच नव्हे. उभ्याउभ्या बोलायचा, बोलता बोलता निघायचा, आणि निम्मं वाक्य रस्त्यावरून ऐकू यायचं. आज तो तुकड्यांकडे बघत उभा राहिला, मग लोहाराकडे बघितलं, आणि सावकाश दाराबाहेर पडला. घाई सावकाश चालत गेला यातच सगळं आलं.

लोहार स्टुलावर बसला होता. त्याने एक तुकडा उचलून मोडलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"फुटला," तो म्हणाला.

"दिसतंय, बाबा," थोरला म्हणाला.

लोहारीण भात्यापाशी होती. तिचा हात वर गेला, खाली आला. भाता ओढता ओढता तिचं आयुष्य गेलं होतं. त्यासाठी तिला आता जागं असायचीही गरज नव्हती. तिने तुकड्यांकडे बघितलं आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. तोंडावर काही नव्हतं. लाज नव्हती, राग नव्हता, साधी आठीसुद्धा नव्हती. मातीने लिंपून घेतलेली भिंत असावी तसं तोंड.

फाळ तापवून ठोकणारे हात कुठेही मिळतात. खरी गोम शेवटच्या पाण्यात असते. तापलेलं लोखंड रंग बदलत जातं आणि एका रंगाला ते पाण्यात बुडवायचं असतं. जरा आधी बुडवलं तर दगडाला लागून काचेसारखं तुटतं, जरा उशीर झाला तर मऊ पडतं आणि पहिल्याच तासात वाकतं. तो रंग ओळखणारा डोळा या घरात एकच होता आणि तो डोळा आता काम करता करता मिटायचा. या हंगामातला हा पहिला फाळ नव्हता. दोन वाकून आले होते. नांगरणी तोंडावर आली होती, जमीन दगडासारखी झाली होती, आणि दरवर्षी या दिवसांत दाराबाहेर लोकांची रांग असायची तिथे आज एक कुत्रं झोपलं होतं.

थोरल्याने घण भिंतीला टेकवला.

"आई, मी शहरात जातो. तिकडच्या कारखान्यात ठोकायला माणसं लागतात."

"आणि हे?"

"हे काय आता चालतंय?"

तिने दाराबाहेर बघितलं. शहराकडे जाणारा रस्ता दारातूनच दिसत होता. त्याच रस्त्याने चार वर्षांमागे धाकटा लोखंडाच्या सळया आणायला गेला होता. गाडी उलटली, सळया वरून आल्या. सळया परत आल्या. त्यातल्या काही अजून घरामागच्या परड्यात गंजत पडल्या होत्या. लोहाराच्या घरात लोखंड कुणी टाकत नाही.

"नांगरणी होईपर्यंत थांब," ती म्हणाली.

"थांबून काय होणार?"

"थांब म्हटलं ना."

थोरल्याने मान हलवली. त्याची बायको माहेरी बाळंतपणाला गेली होती, नाहीतर तो कदाचित त्याच दिवशी निघाला असता.

आरोग्य केंद्रात नवीन डॉक्टरीणबाई आल्या होत्या. लोहारीण नवऱ्याला घेऊन गेली ती काही फार आशेने नव्हे. पायाला सूज होती, ती दाखवावी, एखादी गोळी वाढवून मिळावी, इतकंच. बाकावर बसल्या बसल्या लोहाराची मान छातीवर पडली. बाजूची एक बाई पदराआडून हसली आणि म्हणाली, "यांचा नंबर लागला की उठवा हो." लोहारीणही हसली. अशा वेळी हसावं लागतं.

"आजोबा, काय होतंय तुम्हाला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

लोहाराने बराच विचार केला. "काही होत नाही," तो म्हणाला.

बाईंनी त्याचे हात पुढे करायला लावले. ते थरथरत होते. त्याला दारापर्यंत चालायला लावलं. तो पाय घासत गेला आणि वळताना भिंतीला धरून वळला. मग बाई लोहारणीला म्हणाल्या, "आजी, घरात जेवढ्या गोळ्या आहेत तेवढ्या सगळ्या घेऊन या. नव्या, जुन्या, सगळ्या."

तिने खिळ्यांचा डबा आणला. गोळ्या त्यातच असायच्या. बाईंनी तो टेबलावर उपडा केला तर पाकिटांचा हा ढीग पडला.

"ही कशाची?"

"ती दाबाची. ती सुरू झाली आणि पाय सुजले. म्हणून ही लघवीची दिली. मग चक्कर यायला लागली, म्हणून ही. मग हात थरथरायला लागले, म्हणून ही पिवळी."

"आणि ही?"

"पोट बिघडलं म्हणून."

"हे काय?"

"तो खिळा आहे."

बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी खिळा नीट बाजूला ठेवला. मग त्या पाकिटं एकेक करून ओळीत मांडायला लागल्या.

"आजी, पाय बहुतेक दाबाच्या गोळीनेच सुजलेत. चक्कर आली असेल ती लघवीच्या गोळीने. आणि हात थरथरतात, चेहरा असा थिजलाय, ते या चक्करेच्या गोळीने होऊ शकतं."

लोहारणीने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर," ती म्हणाली.

"तसंच झालंय. ज्याने त्याने आपापली गोळी दिली, आधीची कुणी काढली नाही." बाईंनी एक पाकीट पुढे ओढलं. "दाबाची गोळी यांना हवीच. ती बदलून देते, ती चुकवायची नाही. बाकीच्या एकेक करून कमी करू. एका वेळी एकच. एक कमी करायची, थांबायचं, बघायचं, मग दुसरी."

शेवटी टेबलावर एक बारीक पांढरी गोळी राहिली.

"ही केव्हापासून?"

"धाकटा गेला तेव्हापासून. हे झोपत नव्हते, जेवत नव्हते. रस्त्यावर जाऊन बसायचे. गाड्या थांबवायचे आणि धाकट्याला पाहिलंत का विचारायचे. तेव्हाच्या डॉक्टरांनी थोडे दिवस घ्या म्हणून दिली होती."

"आणि मग?"

"मग काय? थांबवा म्हणून कुणी सांगितलं नाही."

बाईंनी लोहाराकडे बघितलं. तो खुर्चीत डुलत होता. आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे त्याच्या गावीही नव्हतं.

"ही सगळ्यांत शेवटी काढायची," बाई म्हणाल्या. "आणि एकदम नाही. एकदम सोडली तर झटका येऊ शकतो. आधी अर्धी, मग पाव, मग एक दिवस आड. मध्ये मध्ये मला दाखवायचं. थोडा त्रास होईल, झोप मोडेल, जुनं आठवेल. घाबरायचं नाही."

लोहारीण हो म्हणाली. जुनं आठवेल, एवढंच तिने ऐकलं होतं.

पहिल्या गोळ्या गेल्या आणि कुणाला काही कळलंसुद्धा नाही. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात, तसंच झालं. आधी पायाची सूज ओसरली. एके सकाळी लोहाराच्या पायात त्याच्या जुन्या चपला गेल्या आणि तो त्यांच्याकडे बघत बसला. मग हाताची थरथर कमी झाली. सांडशीत धरलेलं लोखंड ऐरणीवर टक टक वाजायचं ते वाजेनासं झालं. एका दुपारी भात्याचा ताल चुकला तर तो मान न वळवता म्हणाला, "झोपलीस का?"

लोहारणीचा हात थांबला. चार वर्षांत त्याने तिला टोचून बोललेलं हे पहिलं वाक्य. थोरल्याने घणावरून डोळे वर केले आणि पुन्हा खाली घातले.

घाईचा फाळ त्यांनी नव्याने केला. थोरल्याने तो त्याच्या घरी नेऊन दिला. दोन दिवसांनी घाई आला, दारातूनच म्हणाला, "टिकला बरं का फाळ, शेजाऱ्याचाही पाठवतो, विळे आहेत माझे दोन, उद्या..." आणि पुढचं रस्त्यावर बोलला.

मग पांढऱ्या गोळीची पाळी आली. ती अर्धी झाली.

काही दिवस बरे गेले. मग लोहार काम टाकून दारात उभा राहायला लागला. नुसता उभा, चौकटीला हात लावून, रस्त्याकडे तोंड करून. गाडी गेली की मान तिच्या मागे वळायची. एकदा जेवता जेवता त्याने घास खाली ठेवला.

"त्याचा हातोडा कुठाय?"

"कुणाचा?" लोहारीण म्हणाली. तिला माहीत होतं कुणाचा.

"धाकट्याचा. लहान होता बघ, दांडा मीच घातला होता."

"असेल कुठेतरी."

तो हातोडा परड्यातल्या भंगाराखाली होता. तिनेच पुरला होता. लोहाराने पुढे काही विचारलं नाही, पण त्याचे डोळे ओले झाले होते.

धाकटा गेला त्या दिवसांत तिला रडायला सवड मिळाली नव्हती. नवऱ्याला रस्त्यावरून उठवून आणायचं, तो निसटू नये म्हणून दारात बसायचं, लोकांना पाणी द्यायचं. मग ती गोळी आली आणि तो गप्प झाला. तो गप्प झाल्यावर घर गप्प झालं आणि त्यात तीही गप्प झाली. गोळी तो घेत होता, पण लागू दोघांना पडली होती. आता तो जागा होणार आणि हे सगळं पुन्हा पहिल्यापासून होणार. तिला ते नको होतं. तिच्या अंगात ते सोसायचं बळ नव्हतं आणि हे सांगायचं तरी कुणाला?

दुसऱ्या दिवशी तिने उरलेली अर्धी गोळी पाट्यावर चुरडून त्याच्या चहात घातली. साखर जास्त घातली. गोळ्या होत्याच, जुनी पाकिटं डब्याच्या तळाशी, खिळ्यांखाली होती. या घरात काही टाकत नाहीत.

तो चहा प्यायला आणि कप खाली ठेवला. दुपारी दारात उभा राहिला नाही.

बाईंनी गोळी पाव केली तेव्हा तिने चहात पाऊण घातली. नंतरच्या भेटीला बाई बुचकळ्यात पडल्या. "इतकी कमी करूनही गुंगी कशी? आता हात थरथरत नाहीत, सूज नाही, मग ही झोप कसली?" त्यांनी त्याचे डोळे बघितले, रक्त काढून घेतलं. "तपासून बघू. दुसरंच काही नसलं म्हणजे मिळवलं."

लोहारीण मिठाची गुळणी धरून बसली. परतताना लोहार तिच्या खांद्यावर हात ठेवून चालत होता आणि त्या हाताला वजन होतं, बस्स, दुसरं काही नव्हतं.

लोहाराच्या पोराला चालता यायच्या आधी एक गोष्ट शिकवतात. लाल लोखंडाला भ्यायचं नाही, ते लाल दिसतं, त्याला कुणी हात लावत नाही. भ्यायचं काळ्याला. भट्टीतून काढून बाजूला ठेवलेलं, रंग गेलेलं, गार झाल्यासारखं दिसणारं लोखंड. भाजतं ते तेच.

घाईच्या शेजाऱ्याचा फाळ होता. थोरल्याने तो ठोकून ऐरणीच्या कडेला ठेवला आणि दुसरा भट्टीत सारला. फाळ काळा झाला होता. लोहार उठला, जरा डुलला, आणि आधाराला हात टेकवला तो त्या फाळावर.

त्याने हात काढला नाही.

लोहारीण भात्यावरून बघत होती. तिला वाटलं, गार झाला असेल. मग वास आला. लोहार हात टेकून उभा होता, समोर बघत होता, आणि तोंडावर काही नव्हतं.

"बाबा!" थोरल्याने त्याला मागे ओढलं. तळव्याची कातडी फाळावरच राहिली. लोहाराने हात उलटा करून बघितला, दुसऱ्याचा हात बघावा तसा.

"भाजलं वाटतं," तो म्हणाला.

थोरल्याने त्याचा हात कुंडातल्या पाण्यात धरला. लोहारीण जागची उठली नाही. भाता तसाच अर्धा वर राहिला. आपण काय केलं ते तिला कळलं होतं. तिला रडू आलं नाही.

डॉक्टरीणबाई पट्टी बांधत होत्या. थोरला दाराशी उभा होता. लोहारणीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"बाई, रक्त तपासू नका," ती म्हणाली. "मी देते त्यांना. चहातून."

बाईंचे हात थांबले. "काय देता?"

"पांढरी गोळी. तुम्ही जेवढी काढता तेवढी मी घालते."

दाराशी थोरला होता तो बाहेर निघून गेला. बाईंनी पट्टीला गाठ मारली. त्या रागावतील असं तिला वाटलं होतं, आणि त्या रागावल्याही होत्या, ते त्यांच्या नाकावर दिसत होतं. पण त्या खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या.

"का, आजी?"

"ते जागे झाले की विचारतात."

"काय?"

"त्याच्याबद्दल."

बाईंनी लोहाराच्या पट्टीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "हे तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं, आणि मीही तुम्हाला विचारायला हवं होतं. मी सगळं यांनाच विचारत राहिले." त्यांनी कागद पुढे ओढला. "आता नीट सांगा, खरी किती जाते पोटात. आज घाबरून ती एकदम बंद करायची नाही. जेवढी जाते तिथूनच पुन्हा सुरुवात करू, आणखी हळू. पण उघड द्यायची, त्यांना सांगून. आणि जुनी पाकिटं सगळी इथे आणून द्या."

"देते."

"तुम्हाला झोप लागते का, आजी?"

"मला काय धाड भरलीय," लोहारीण म्हणाली.

बाईंनी ते ऐकून घेतलं. "पुढच्या वेळी तुम्हीही बसा इथे थोडा वेळ," त्या म्हणाल्या. "गोळी देणार नाही. नुसत्या बसा."

वाटेत थोरला दोघांच्या पुढे चालत होता. घर आलं तेव्हा तो मागे न बघता म्हणाला, "मलाही वाटायचं, आई. झोपलेलेच बरे आहेत असं." मग तो भट्टी पेटवायला गेला.

हात बांधलेला, त्यामुळे लोहाराला सांडशी धरता येईना. दाराशी पुन्हा माणसं यायला लागली होती आणि त्यांना परत पाठवायची सोय नव्हती. मग लोहार स्टूल ओढून कुंडापाशी बसला. सांडशी थोरल्याच्या हातात.

"आत्ता," लोहार म्हणायचा, आणि थोरला फाळ बुडवायचा.

पहिले काही दिवस ते "आत्ता" उशिरा यायचं, कारण लोहाराचे डोळे जड असायचे. एक फाळ मऊ निघाला, तो पुन्हा तापवावा लागला. गिऱ्हाईक दारात बसून सगळं बघत होतं. "पोराला शिकवताय का आमच्या फाळावर?" ते म्हणालं. थोरल्याचे कान लाल झाले. लोहार म्हणाला, "हो." दुसरं काही नाही.

गोळी पुन्हा पाऊण झाली, मग अर्धी झाली. लोहारीण ती त्याच्या तळहातावर उघड ठेवायची आणि तो तिच्याकडे बघून गिळायचा. झोप मोडायला लागली. तो चिडायचा, घाम यायचा, एक दिवस त्याने ताट सरकवलं. बाईंनी दोन आठवडे थांबायला सांगितलं, कमी करू नका, वाढवूही नका. मग पाव. मग एक दिवस आड. लोहारणीने खिळ्यांचा डबा घासून कोरडा केला. आता त्यात खिळेच होते.

एका दुपारी फाळ भट्टीतून बाहेर होता. रंग उतरत होता. थोरला सांडशी धरून वाट बघत होता आणि "आत्ता" येत नव्हतं. लोहारणीने बघितलं तर लोहार फाळाकडे बघत रडत होता. आवाज नव्हता. पाणी नुसतं गालावरून दाढीत जात होतं. थोरल्याने बापाकडे बघितलं, फाळाकडे बघितलं, आणि स्वतःच फाळ पाण्यात घातला. पाणी चरचरलं, वाफ वर गेली.

लोहाराने डाव्या हाताने फाळ उचलून घेतला आणि हातोडीने हलकेच ठोकून कानाजवळ धरला.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

थोरला शहराचं त्यानंतर काही बोलला नाही. लोहारणीनेही विचारलं नाही.

पांढरी गोळी संपली त्याच्या नंतरचे दिवस. ऊन उतरलं होतं. लोहार परड्यात गेला, बऱ्या झालेल्या हाताने भंगार उपसत बसला आणि धाकट्याचा हातोडा त्याने शोधून काढला. गंजला होता, दांडा ढिला झाला होता. तो उंबऱ्यावर बसून पाचर मारायला लागला. लोहारीण चहा घेऊन आली. एक कप त्याला दिला, एक घेऊन बाजूला टेकली. आत थोरला काम करत होता.

लोहाराने घोट घेतला.

"हल्ली गोड असतो," तो म्हणाला.

"तेव्हा कळत होतं तुम्हाला?"

"कडू लागायचा. साखर मारून घालायचीस तरी लागायचा."

"मग बोलला का नाहीत? ओतून का नाही दिलात?"

त्याने पाचर बसली का बघितली, हातोडा हलवून बघितला. नाही बसली. पुन्हा ठोकली.

"एकदा वाटलं, आपला कप तुला द्यावा," तो म्हणाला. "तुला कुणीच काही दिलं नाही."

लोहारणीने कप खाली ठेवला. नीट ठेवला, सांडू नये म्हणून. मग तिने पदर तोंडाला लावला आणि तिच्या आतून जो आवाज आला तो तिला स्वतःला ओळखू येईना. चार वर्षं तो कुठे होता कोण जाणे. लोहाराने हातोडा मांडीवर ठेवला आणि भाजलेल्या वणाचा हात तिच्या पाठीवर ठेवला. हात आता हलका नव्हता आणि जडही नव्हता.

"आई," आतून थोरल्याने हाक मारली, "भाता ओढ, निखारे चाललेत."

"थांब जरा," लोहार म्हणाला. "तिला वेळ लागेल."